मुक्काम न ठरवता निघालेली गाडी : सोलापूरकरांचे अनुभव

विजापूर रोड (धागा मांडताना)

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतून करायच्या पर्यटनाचे धोरण आणले. त्यानंतर वर्षभराने आम्ही उभयतांनी एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि आरटीओची रीतसर मंजुरी काढून तिच्यात झोपायची दोन बाके, ओटा आणि ८० लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली. परदेशात असतात तसे अशा गाड्यांसाठी आखलेले तळ आपल्याकडे फारच थोडे असल्यामुळे आगाऊ आरक्षण करायचे म्हटले तरी ते कशाचे करायचे, हाच पहिला प्रश्न होता. सोलापूर, विजापूर, बदामी आणि हंपी असा आठ रात्रींचा पहिला प्रवास आम्ही एकही मुक्काम न ठरवता केला. चार रात्री पेट्रोल पंपांवर गेल्या, तीन रात्री लहान लॉजच्या आवारात ३०० रुपये देऊन गाडी लावली आणि एक रात्र एका मठाच्या दारात काढली. पंपावर आधी डिझेल भरावे आणि मग रात्री थांबण्याविषयी विचारावे, हा क्रम उलटा झाला की उत्तरही बदलते, हे दुसऱ्याच दिवशी ध्यानात आले. पंपाच्या आवारात शेगडी पेटवता येत नाही, हे उघडच आहे. त्यामुळे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाटेत घेतलेले दही यांवरच त्या चारही रात्रींची जेवणे झाली. कडक भाकरी आठवडाभर टिकते, हे सोलापूरकरांना सांगायला नकोच.

आपण कोठे थांबलात, परवानगी कोणाकडे मागितली, पाण्याची आणि शौचालयाची सोय कशी झाली, हे कृपया तपशिलाने लिहावे. फसलेले बेतही अवश्य लिहावेत.

जुळे सोलापूर

फसलेल्या बेतापासूनच सुरुवात करतो. सप्टेंबरमध्ये नळदुर्गचा किल्ला पाहून परतताना अंधार पडला. हे अंतर जेमतेम ५० किलोमीटरचे असूनही केवळ हौसेखातर रस्त्यालगतच्या एका मोकळ्या रानात मुक्काम करायचे आम्ही ठरवले. शेतमालकांना विचारले होते आणि त्यांनी आनंदाने होकारही दिला होता. मात्र “पाऊस आला तर गाडी निघायची नाही, बांधावरच्या मुरमावर लावा,” असे ते म्हणाले, ते आम्ही मनावर घेतले नाही. रात्री दोनच्या सुमारास परतीचा पाऊस कोसळला आणि सकाळी मागची दोन्ही चाके काळ्या मातीत निम्मी रुतलेली होती. तीन टनांची गाडी अशा चिखलात स्वतःच्या बळावर निघत नाही. चाक फिरवावे तितके ते खोल जाते. अखेर त्याच शेतमालकांनी ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली, पैसे घेण्यास साफ नकार दिला आणि वर चहा पाजला. तेव्हापासून जमीन कशी आहे हे उजेडी पायी फिरून पाहिल्याशिवाय मी गाडी रस्त्याखाली उतरवत नाही.

होटगी रोड

माझी मुलगी जर्मनीत असते. तिच्याबरोबर आम्ही भाड्याच्या मोटारघरातून बारा दिवस हिंडलो आणि एकाही ठिकाणी आरक्षण केले नाही. तेथे गावोगावी श्टेलप्लात्झ नावाचे साधे वाहनतळ असतात. जो आधी येईल त्याला जागा मिळते, यंत्रात नाणी टाकली की पाणी येते आणि सांडपाणी सोडण्यासाठी वेगळी मोरी असते. सार्वजनिक वाहनतळावरही थकलेल्या चालकाला पुढे गाडी चालवण्याइतका ताजेतवाना होण्यासाठी एक रात्र गाडीत झोपता येते. परंतु खुर्च्या बाहेर मांडल्या किंवा छत ताणले की ती विश्रांती न राहता तळ ठोकणे ठरते, हा भेद मुलीने आम्हाला वारंवार समजावला. ऑगस्टमध्ये बोडन सरोवराकाठी मात्र दुपारी दोनलाच सर्व जागा भरलेल्या आढळल्या आणि आम्ही सरोवर सोडून आतल्या एका खेड्यात गेलो. ते खेडेच आता अधिक आठवते.

सात रस्ता

येथील उत्साहात थोडा विरोधी सूर लावते. माझी आई ७४ वर्षांची आहे आणि रात्री तिला दोनदा उठावे लागते. पंपावरचे शौचालय रात्री कुलूपबंद असले तर पुरुषांची अडचण होते, बायकांची मात्र पंचाईत होते. गाडीत लहान शौचकूप बसवले तरी त्याची पेटी रिकामी करायला जागा हवीच, आणि ती कोणाच्याही शेतात किंवा ओढ्यात रिकामी करणे मला मान्य नाही. म्हणून आम्ही एक रात्र खोली घेतो आणि एक रात्र गाडीत काढतो, आणि खोलीची रात्र आधीच ठरवलेली असते.

अशोक चौक

मे महिन्याविषयी एवढेच सांगतो, की आपल्याकडे पारा ४२ अंशांवर असताना गाडीतील साध्या बॅटरीवर वातानुकूलन रात्रभर चालत नाही. वीजजोडणी मिळण्याची खात्री नसेल तर हा खेळ थंडीतच खेळावा.

मोहोळ

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने करू नये अशी चूक मी केली. दिनदर्शिका न पाहता, आप्तांना पंढरपूर दाखवावे म्हणून नेमका कार्तिकी दशमीला निघालो. गावात शिरण्यापूर्वीच पोलिसांनी गाडी वळवली. चंद्रभागेचे वाळवंट आणि ६५ एकरांचा तळ वारकऱ्यांनी भरलेला असताना आमच्या चाकांवरच्या घराला कोण जागा देणार, आणि का द्यावी? मंगळवेढ्याच्या बाजूला जाऊन एका वस्तीवर रात्री नऊला हाक मारली. आजोबांनी आधी गाडीचा क्रमांक वहीत लिहून घेतला, मग नातवाला पोलीस पाटलांकडे धाडले, आणि त्यांचा निरोप येईपर्यंत आम्हाला ओसरीवर बसवून ठेवले. निरोप आल्यावर म्हणाले, “आता लावा गाडी खळ्यावर, आणि उद्या एकादशी आहे, आत्ताच जेवून घ्या.”