डायमेन्शन: माप, परिमाण की मिती? (यंत्राच्या ड्रॉइंगमधले शब्द)

शब्दखूण:
आयटीआयच्या फिटर-टर्नरच्या मुलांसाठी ड्रॉइंग कसं वाचायचं याची छोटी मराठी पुस्तिका लिहिते आहे. पहिल्याच पानावर अडले. डायमेन्शनसाठी हाताशी तीन शब्द आहेत: माप, परिमाण, मिती. शाळेच्या विज्ञानात सदिश राशीला 'परिमाण आणि दिशा' असतात, म्हणजे परिमाण तिकडे अडकलेलं. 'मिती' म्हटलं की आमच्या घरी पंचांग निघतं. मग सरळ 'माप'च लिहू का? आणि टॉलरन्सला (आकड्यात किती फरक चालेल ती मर्यादा) 'सहिष्णुता' असं कुणी सुचवलंय, ते वाचून तर हसूच आलं.

टूलरूम:
ताई, 'माप' सगळीकडे लिहू नका, घोटाळा होईल. व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर लावून जॉबवर, म्हणजे घडवायच्या भागावर, जे वाचतो ते माप. ड्रॉइंगवर लिहिलेला आकडा ही डिझाइनरची मागणी असते, त्या वेळी जॉब जन्मालाही आलेला नसतो. बोअरवर (आरपार गोल भोकावर) २५ एच७ लिहिलंय (एच७ हा टॉलरन्सचा कोड) आणि बोअर करून मोजल्यावर २५.०१२ आलं, तर २५ ही मिती आणि २५.०१२ हे माप. दोन्हींना एकच शब्द दिलात की 'माप मापात आहे का ते पाहा' असलं वाक्य लिहायची पाळी येईल. शॉपवर आम्ही दोन्हींना बिनदिक्कत 'साईज' म्हणतो, पण तिथे हातात जॉब असतो, बोटाने दाखवता येतं. पुस्तिकेला बोट नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ड्रॉइंगवर फूटपट्टी लावायची नसते. नवा पोरगा हमखास लावतो. ए३ चं ड्रॉइंग ए४ वर छापून आलेलं असतं, स्केल १:२ असतं, झेरॉक्समध्ये कागद थोडा ओढला गेलेला असतो, आणि हा पट्टी लावून 'सर, इथे ४२ येतंय' म्हणतो. अरे बाबा, तिथे ६० लिहिलंय ना, मग साठच! 'माप' या शब्दातच मोजणं आहे, त्यामुळे तो त्याला पट्टीकडेच ढकलतो. कधी कधी डिझाइनमध्ये आकडा बदलतो पण आकृती पुन्हा काढत नाहीत, तेव्हा त्या आकड्याखाली रेघ मारतात. म्हणजे ही मिती आकृतीच्या प्रमाणात नाही, पण आकडाच खरा. ही अधोरेखित मिती पुस्तिकेत जरूर घ्या, बऱ्याच जणांना वाटतं की ते महत्त्वाचं म्हणून अधोरेखित केलंय.

त्यामुळे माझं मत मितीला. त्रिमिती, द्विमिती हे शब्द सर्रास चालतात, तिथे कुणाला पंचांग आठवत नाही.

निवृत्त अनुरेखक:
टूलरूम यांना +१.

माझं आयुष्य सरकारी खात्यात गेलं. तिथे ड्राफ्ट्समनला आरेखक आणि ट्रेसरला अनुरेखक म्हणतात. हे शब्द जाहिरातीत, सेवापुस्तकात, पगारपत्रकात असल्याने अंगवळणी पडले. कामाला मात्र कोणी 'आरेखन' म्हणायचं नाही. इमारतीचा तो नकाशा, यंत्राचं ते ड्रॉइंग. घराचा नकाशा पास होतो, गिअरबॉक्सचा नकाशा कोणी म्हणत नाही. पुस्तिकेतही ड्रॉइंगला ड्रॉइंगच राहू द्या.

माझी तक्रार वेगळी आहे. तुटक रेषेला 'अदृश्य रेषा' लिहितात. अहो, रेषा तर ढळढळीत दिसते! दिसत नाही ती वस्तूची कड, कारण ती पुढच्या भागामागे झाकली गेलीय. 'झाकल्या कडेची रेषा' म्हणा. लांब पडतं, पण पोराला अर्थ लागतो. मितीही शक्यतो झाकल्या कडेला देत नाहीत, जिथे ती कड उघडी दिसते त्या देखाव्यात (व्ह्यूमध्ये) देतात, हे त्याच ओळीत सांगून टाका.

तसंच 'छेदरेषा'. काही जण कापणाऱ्या पातळीच्या साखळीरेषेला (लांब-आखूड तुकड्यांच्या रेषेला) छेदरेषा म्हणतात, काही जण कापलेल्या भागातल्या ४५ अंशांच्या तिरप्या बारीक रेघांना. पहिलीला 'छेदपातळीची रेषा' म्हणावं आणि दुसरीला हॅचिंग ठेवावं. जाता जाता: शाफ्ट, बोल्ट, रिव्हेट लांबीच्या दिशेने छेदात आले तरी त्यांना हॅचिंग करत नाहीत, रिबलाही नाही. मुलं इथे मार्क घालवतात.

शब्दखूण:
काका, झाकल्या कडेची रेषा एकदम पटली. मितीही पटली. आता टॉलरन्स?

टूलरूम:
'मुभा'. मराठीत मुभा कुणीतरी देतं आणि तिला हद्द असते, टॉलरन्सचंही तेच आहे. २५ एच७ म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मध्ये चालेल, मुभा २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात बसणारा शाफ्ट (गोल दांडा) जी६ या कोडचा असेल तर २४.९८० ते २४.९९३. दोन्हींत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट राहते. या फटीला 'वाव' म्हणता येईल, पण क्लिअरन्स शब्द प्रत्येक कामगाराला माहीत आहे, तो बदलू नका. सहिष्णुता शाफ्टकडे नसते. शाफ्ट सहन करत नाही, इन्स्पेक्टर तर अजिबात नाही.

मुभा शब्दाचा खरा फायदा साखळीत दिसतो. समजा एका पट्टीवर ओळीने चार भोकं आहेत, दोन भोकांमधलं अंतर ३० आणि प्रत्येक अंतराला मुभा ±०.१. एकाच्या शेपटीला दुसरी अशा मिती दिल्या तर पहिल्या भोकापासून चौथं भोक ९० ±०.३ वर गेलेलं चालतं, कारण तीन मुभा साठत गेल्या. तेच तीन अंतरं पहिल्या भोकापासूनच ३०, ६०, ९० अशी ±०.१ ने दिली, तर चौथं भोकही ±०.१ मध्येच आलं पाहिजे. पट्टी तीच, आकडे जवळजवळ तेच, पण समोरच्या प्लेटवर चार बोल्ट बसणार की नाही ते यावर ठरतं. पहिलीला 'साखळी मिती' म्हणा. दुसरीत ज्या जागेपासून मोजतो तिला डेटमच म्हणा, 'आधार' म्हटलं की पोरं दुसऱ्याच कार्डाचा विचार करतील.

कंसातली मितीही लिहा. साखळीत सगळे तुकडे दिले तर एकूण लांबी कंसात टाकतात. ती फक्त माहितीसाठी, त्यावर जॉब रिजेक्ट करायचा नाही.

फॅब्रिकेशन:
एवढी चर्चा झाली आणि 'सूत' कुणाच्या तोंडी आलं नाही? आठ सुतांचा एक इंच. गेटचं काम करणारा आजही 'चार सुती बार आण' म्हणतो, म्हणजे अर्धा इंच. मिलिमीटरची ड्रॉइंग समोर असली तरी बोलण्यात सूत सुटत नाही.

टूलरूम:
दादा, सूत गोड आहे, पण एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. मुभा मायक्रॉनमध्ये असते तिथे सूतभर चूक म्हणजे जॉब सरळ भंगारात. ड्रॉइंगवर एकक लिहिलेलं नसलं की मिलिमीटर समजायचं, तळच्या नावपट्टीत (टायटल ब्लॉकमध्ये) तशी टीप असते, ही ओळ मात्र ताईंनी ठळक छापावी.

शब्दखूण:
शेवटचं. फर्स्ट अँगलला (देखावे कागदावर मांडायची एक पद्धत) 'प्रथम कोन प्रक्षेप' लिहिलंय. चालेल?

टूलरूम:
चालेल, पण नावाने काही कळत नाही. आपल्या मानक ब्युरोच्या १९८८ च्या एसपी ४६ या ड्रॉइंगच्या पुस्तकात प्रथम कोन पद्धत सांगितली आहे, अमेरिकेत तृतीय कोन चालते. प्रथम कोनात वरून दिसणारा देखावा समोरच्या देखाव्याच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारा उजवीकडे. तृतीय कोनात वरचा वर, डावा डावीकडे. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग प्रथम कोन समजून वाचलं तर डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा होऊन येतो. सगळी मापं बरोबर, इन्स्पेक्शन रिपोर्ट स्वच्छ, आणि भाग लागत नाही. म्हणून नावापेक्षा नावपट्टीतलं कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी शिकवा.

निवृत्त अनुरेखक:
एक शुद्धलेखनाचं. सुटा शब्द 'मिती', दीर्घ. समासात 'मितिरेषा', ह्रस्व. अनेकवचनही मितीच: एक मिती, चार मिती. 'मित्या' लिहू नका, प्रूफ तपासणारा काहीही दुरुस्त करेल.