अंतर भागिले वेग एवढंच पुरत नाही

विमानप्रवासाच्या अंतराला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ९०० किमीने भागलं तरी तिकिटावरची वेळ का जुळत नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. मुख्य कारण वारा. लंडन ते न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५५० किमी. जाताना आठेक तास लागतात, येताना सातच्या आसपास. दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, परतीच्या विमानाला अक्षरशः ढकलतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं!

शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणंही आलं. आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा स्थानिक असतात, त्यामुळे वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) करून घ्या.