माउंट एअरीचं रेडिओ स्टेशन: जपलं की गोठवलं?

घाटमाथा (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी माउंट एअरी नावाचं जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव आहे. तिथे १९४८ साली राल्फ एपरसन यांनी डब्ल्यूपीएक्यू हे रेडिओ स्टेशन सुरू केलं. आसपासच्या खेड्यांतले फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजो (गोल चामडी तोंडाचं तंतुवाद्य) वाजवणारे यायचे आणि त्यांचं वादन थेट हवेत जायचं. शनिवारचा 'मेरी-गो-राउंड' हा थेट कार्यक्रम आजही चालू आहे. मधल्या काळात रॉक अँड रोल आलं, नॅशव्हिल शहरातल्या कंपन्यांचं गुळगुळीत कंट्री संगीत आलं, पण यांनी ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं वेगवान लोकसंगीत), जुनी डोंगरी गाणी आणि गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं) सोडलं नाही. २००६ साली एपरसन वारले, पुढे मुलाने तेच चालवलं. छोट्या गावच्या स्टेशनने असंच हट्टाने वागावं, असं माझं ठाम मत आहे. हिट गाणी काय, कुठेही ऐकायला मिळतात.

खरखर
साफ असहमत. त्याच गावात नॅशव्हिलची गाणी आवडीने ऐकणारेही आहेत, त्यांचं गाव ते नाही का? आणि टिकण्याचं श्रेय तुम्ही संगीताला देताय. मला वाटतं, ते मालकी घरात राहिली म्हणून टिकलं. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती स्टेशनं असावीत यावरची मर्यादा उठली आणि काही वर्षांत एकाच कंपनीच्या हाती हजारावर स्टेशनं गेली. त्या लाटेत हे विकलं गेलं असतं तर फिडल कुणी वाचवलं असतं? शिवाय 'आपलं जुनं' म्हणताना बँजो गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडून आला, हे विसरू नका. ही परंपरा सरमिसळीतूनच झाली आहे.

घाटमाथा
बँजोचं शंभर टक्के मान्य. मालकीचं अर्धंच. हिट गाण्यांचं स्टेशन विकलं तर गावाचं फारसं काही जात नाही, हे विकलं तर जातं. मालकाला विकू नये असं वाटायलाही काहीतरी कारण लागतं ना! त्याच भागातले टॉमी जॅरेल रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचे. निवृत्तीनंतर त्यांच्या घरी फिडल शिकायला लांबलांबून पोरं येऊन बसायची. १९८२ साली त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. अशी माणसं ज्या मातीत होतात, तिथलं स्टेशन वेगळं असणारच.

जुनाट्रान्झिस्टर
एक तांत्रिक बाजू. डब्ल्यूपीएक्यू ७४० किलोहर्ट्झवर लागतं, पण त्या फ्रिक्वेन्सीवर पहिला हक्क कॅनडाचा, टोरांटोच्या स्टेशनचा. रात्री मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, म्हणून टोरांटोला अडथळा नको यासाठी सूर्यास्तानंतर डब्ल्यूपीएक्यूला प्रक्षेपणाची ताकद अगदी उतरवावी लागते. म्हणजे दिवसभर कामावर असलेल्या माणसाला घरी आल्यावर हे नीट लागतच नाही. माझ्या मते स्टेशनची खरी अडचण ही आहे, गाणी नव्हेत.

शार्लटकर
मी एका शनिवारी तिथल्या अर्ल थिएटरात 'मेरी-गो-राउंड' बघून आलो. तिकिटासाठी रांग होती, पण आत सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मंचासमोरच्या लाकडी फळ्यांवर दोन आजीबाई टाचा आपटत नाचत होत्या आणि तो ठेका माइकमधून थेट रेडिओवर जात होता. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आजोबांशेजारी बसून फिडल वाजवत होती.

खरखर
तिने काय वाजवलं? जुनंच ना?

शार्लटकर
हो, जुनीच धून. पण दुसऱ्या फेरीला तिने मधलं एक वळण बदललं. आजोबांनी बँजोवरचा हात थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि पुढच्या फेरीला त्यांनीही तेच घेतलं.