'कुड ऑफ', दोन ओंचं 'लूज' आणि माझा रक्तदाब

तांबडीशाई

ग्राहकांना जाणारी इंग्रजी उत्तरं बाहेर पडण्याआधी माझ्या डोळ्यांखालून जातात, हे माझं काम. सात वर्षं झाली. रोजचे चाळीस-पन्नास मसुदे, आणि एकही निट वाचल्याशिवाय सोडत नाही. एवढ्या वर्षांत कातडी जाड व्हायला हवी होती. माझी उलट पातळ होत चालली आहे.

'वी डोन्ट वॉन्ट टु लूज यू' असं ग्राहकाला लिहायचं आणि 'लूज'मध्ये दोन ओ घालायचे. म्हणजे काय? आम्हाला तुम्हाला मोकाट सोडायचं नाही? 'कुड हॅव'च्या जागी 'कुड ऑफ' दिसलं की मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन येते. 'अ लॉट' हे दोन शब्द एकमेकांना चिकटवणारे वेगळेच. आणि तो अपॉस्ट्रॉफी! जिथे हवा तिथे नाही, आणि साध्या अनेकवचनाच्या शेपटीला मात्र लटकतोय.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. नव्या मुलाच्या मसुद्यात ते दोन ओंचं 'लूज' सापडलं. मी सगळ्यांच्या ग्रुपवर शेरा मारला, की यापुढे पाठवण्याआधी स्पेलिंग डेफिनेटली तपासा. शेरा इंग्रजीत होता आणि 'डेफिनेटली'त मी आयच्या जागी ए लिहिला होता. तो काही बोलला नाही. फक्त एक अंगठा टाकला. तो अंगठा मला अजून दिसतो.

तर प्रश्न दोन. तुम्हाला कोणत्या चुका खुपतात? आणि मुख्य म्हणजे का खुपतात? अर्थ तर कळलेलाच असतो. मग ही चीड नेमकी कशाची?

खोडरबर

'कुड ऑफ'ची बाजू घेतो, मारू नका.

बोलताना 'हॅव'वर जोर नसतो. 'कुड हॅव'चं 'कुडव्ह' होतं, आणि तो शेवटचा तुकडा कानाला हुबेहूब 'ऑफ'सारखा लागतो. म्हणून ही चूक जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांची जास्त. त्यांनी भाषा आधी कानाने घेतली, अक्षरं मागून आली. आपण बहुतेक जण पुस्तकातून शिकलो, त्यामुळे 'ऑफ' लिहायचं आपल्याला सुचतच नाही. आपण मार खातो तो 'अ', 'ॲन' आणि 'द' यांच्यापाशी, कारण मराठीत तसलं काही नाही.

'इट्स'चा घोळ ('इट इज'चं अपॉस्ट्रॉफीसह, मालकीचं त्याशिवाय) तर मला तर्कशुद्ध वाटतो. मुलाचं, कुत्र्याचं, घराचं, सगळ्या मालकीला अपॉस्ट्रॉफी लागतो. मग 'त्याचं' म्हणायचं असेल तर अपॉस्ट्रॉफी का नको? चूक करणारा माणूस नियम मोडत नाही, नको तिथे पाळतो. शिवाय मालकीचं 'इट्स' सतराव्या-अठराव्या शतकात अपॉस्ट्रॉफी लावूनही छापलं जायचं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तर हा शब्दच नव्हता, 'हिज'वर नाहीतर नुसत्या 'इट'वर भागवलेलं. म्हणजे ज्याच्यावरून आपण लोकांची अक्कल काढतो, तो भेदच दोन-अडीचशे वर्षांचा.

'अलॉट'ला मात्र माफी नाही.

पूर्णविराम

ताई, तुमच्यासोबत जे झालं त्याला रीतसर नाव आहे: म्युफ्रीचा नियम. 'जे बिघडू शकतं ते बिघडतंच' म्हणणाऱ्या मर्फीचा नव्हे, म्युफ्रीचा. नावाचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवलेलं आहे. दुसऱ्याच्या लेखनावर टीका करणाऱ्या मजकुरात स्वतःची एक तरी चूक असतेच, असा तो नियम. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ मध्ये मांडला.

पुरावा हवा असेल तर तुमचा पहिला परिच्छेद बघा. 'निट' नव्हे, 'नीट'.

तांबडीशाई

दंडवत. 😭

अर्धविरामी

+१ खोडरबर.

रच्याकने (म्हणजे 'बाय द वे'), या धाग्याची गंमत कुणाच्या लक्षात आली का? तांबडीशाईंना प्रत्येक चूक शब्दांत समजावून सांगावी लागते आहे. 'दोन ओ', 'आयच्या जागी ए'. कारण देवनागरीत या चुका करताच येत नाहीत. तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांची 'देअर' आपल्याकडे एकाच वेशात येतात. आपली दुखणी ऱ्हस्व-दीर्घाची, वर 'निट'मध्ये दिसलंच. पण रोग एकच. जो फरक कानाला ऐकू येत नाही तो हाताला लक्षात ठेवावा लागतो.

सेमीकोलन_हरवला

मी प्रोग्रॅमर. आमच्याकडे चूक एकदा छापली गेली की तिची पूजा करावी लागते.

तुम्ही एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाता तेव्हा ब्राउझर सर्व्हरला सांगतो की स्वारी कुठून आली. हे सांगणाऱ्या ओळीचं, म्हणजे हेडरचं, नाव 'रेफरर'. शब्दकोशात या शब्दाच्या पोटात दोन आर आहेत, एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या संवादाच्या नियमांच्या, मसुद्यात एकच लिहिला गेला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत तो सगळीकडे पसरला होता, आणि १९९६ मध्ये ते नियम आरएफसी १९४५ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले तेव्हाही तसाच राहिला. आजही शुद्ध स्पेलिंग लिहिलं तर काम होत नाही. कहर म्हणजे नंतर 'रेफरर पॉलिसी' नावाचं वेगळं हेडर आलं, त्यात दोन आर आहेत. म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकदा अशुद्ध लिहायचं आणि एकदा शुद्ध. पहिल्या नोकरीत यात माझी अख्खी दुपार गेली होती. मी शहाण्यासारखा दुसरा आर घालून बसलो होतो.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधलं फाइल बनवणारं 'क्रिएट' तसंच, शेवटचा ई गायब. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, केन थॉम्पसन, याला विचारलं होतं, युनिक्स पुन्हा बनवायचं झालं तर काय बदलशील? म्हणाला, 'क्रिएट'ला ई लावेन.

व्याकरणकाका

तुम्ही सगळे स्पेलिंगवर अडकलात. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' म्हणणारे लोक मला सहन होत नाहीत. 'फ्यूअर' हा शब्द काय लोणचं घालायला ठेवलाय?

खोडरबर

काका, तो नियम म्हणजे मुळात एका माणसाची आवड होती. रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने १७७० मध्ये लिहिलं की अशा जागी 'फ्यूअर' त्याला जास्त डौलदार वाटतं. 'मला वाटतं' असं म्हणूनच लिहिलं होतं. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' लावणं त्याच्या कैक शतकं आधीपासून चालू होतं.

व्याकरणकाका

तरीही मला खुपतं.

पूर्णविराम

त्यावरही संशोधन आहे, काका. रागावू नका. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये ८३ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरात सोबत राहायला जोडीदार हवा, अशा जाहिरातीला आलेली ईमेल लोकांना वाचायला दिली. काहींत टायपिंगच्या चुका होत्या, काहींत 'टू', 'इट्स'वाल्या, म्हणजे उच्चार सारखा पण स्पेलिंग वेगळं अशा. मग विचारलं, हा माणूस घरात चालेल का? ज्यांचा स्वभाव फारसा जुळवून घेणारा नव्हता, त्यांनी दुसऱ्या प्रकारच्या चुकांबद्दल जास्त कडक शेरे दिले. बडबडे, माणसांत रमणारे लोक मात्र चुकांकडे दुर्लक्ष करून पुढे गेले.

तेव्हा धाग्यातल्या 'का खुपतं' या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर आपल्या स्वभावात असावं. एका प्रयोगावरून कुणाची कुंडली मांडू नये हे मान्य. पण मी तो वाचला आणि दोन दिवस गप्प होतो.

स्वल्पविराम_हवाच

मला वेगळाच मुद्दा दिसतोय. इथे आत्तापर्यंत आलेल्या चुकांपैकी कशाने कुणाचं नुकसान झालं? रेफररवाल्याची एक दुपार सोडली तर कशानेच नाही. ज्या चुका खरंच महागात पडतात त्यांच्यावर कुणी दात-ओठ खात नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यातली केस घ्या. ओकहर्स्ट डेअरी ही दूध कंपनी आणि तिचे ट्रकचालक. कोणत्या कामांना जादा वेळाचा वाढीव पगार मिळणार नाही, याची यादी राज्याच्या कायद्यात होती. तिच्या शेवटी साधारण असं लिहिलेलं: साठवण, पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वितरण. इंग्रजी मजकुरात त्या 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. चालक म्हणाले, याचा अर्थ 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग'. आम्ही वितरण करतो, पॅकिंग करत नाही, म्हणजे आम्ही यादीत नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

या यादीत स्पेलिंगची एकही चूक नव्हती. कुठलाही तपासनीस पास करेल असं वाक्य. 'कुड ऑफ' वाचून कुणाचा अर्थ चुकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तांबडीशाई

स्वल्पविराम, तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि मसुद्यांचा जुना फोल्डर उघडला. जे वर लिहिलं नव्हतं ते आता लिहिते.

त्याच 'लूज'वाल्या मसुद्यात चार ओळी खाली एक वाक्य होतं: अहवाल आम्ही 'बायमंथली' पाठवू. या शब्दाचे शब्दकोशात दोन अर्थ आहेत, महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा. दोन्ही बरोबर. आमच्या मनात दुसरा होता, ग्राहकाने पहिला धरला. पंधरा दिवसांनी त्याचा चिडलेला फोन आला, मग आणखी एक, आणि ते प्रकरण निस्तरायला आठवडा गेला. मी त्या मसुद्यातला एक ओ काढला होता. या वाक्यावरून माझी नजर सरळ घसरून गेली, कारण त्यात तांबडी रेघ मारण्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारी त्या मुलाशी बोलले. 'डेफिनेटली'वरून आधी दोघंही हसलो. मग 'बायमंथली'चा विषय काढला, तर म्हणाला, "मॅडम, तो शब्द मला खटकला होता. दोनदा की एकदा, हे तुम्हाला विचारणारच होतो. पण तेवढ्यात ग्रुपवर तुमचा शेरा आला. मग म्हटलं, आता गप्प बसावं."

यावर मला काही बोलता आलं नाही.

वरचं 'निट' तसंच राहणार. संपादनाची मुदत संपली आहे.