अनुभव धागा: रात्रीचं अंगावर पाजणं, काय करता आणि कसं करता?

दिवसा बाळंतिणीभोवती चार बायका असतात. रात्री दोनला झिरो बल्बच्या उजेडात उरतात ती, बाळ आणि भिंतीवरची पाल. म्हणून हा धागा फक्त रात्रीचा. 'आमच्या वेळी असं झालं होतं' हे पाचवीच्या पूजेला भरपूर ऐकून होतं, ते इथे नको. कोणती उशी कुठे ठेवायची, किती वेळा पाजायचं, काय बिघडतं आणि का बिघडतं, तेवढं लिहा. सातारा-सांगलीकडच्या ज्यांच्या हाताखालून बाळंतिणी गेल्यात त्यांना मुद्दाम बोलावलं आहे.

प्रसूती कक्षातली परिचारिका, मिरज

आधी 'रात्री वरचं दूध द्या म्हणजे पोरगी झोपेल' या सल्ल्याचं बघू. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. पहिल्या महिन्यात रात्रीची पाजणी सलग चुकली की छाती तुंबते, आणि तुंबलेली छाती शरीराला सांगते की दूध कमी कर. आठ दिवसांत 'हिला दूधच नाही' अशी बोलणी सुरू होतात. तेव्हा २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं आणि त्यातल्या दोन-तीन वेळा रात्री येणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कुशीवर झोपून पाजायला टाके असोत-नसोत, दवाखान्यातच शिकून घ्या. आईच्या डोक्याखाली एक उशी, पाठीमागे घट्ट गुंडाळलेली चादर, दोन गुडघ्यांत एक उशी. खालचा हात डोक्याच्या बाजूला वर. बाळ पाठीवर ठेवून नुसती मान वळवायची नाही, त्याला पूर्ण कुशीवर करायचं, पोटाला पोट. बाळाचं नाक बोंडासमोर आलं पाहिजे, तोंड नव्हे. मग ते मान किंचित मागे टाकून मोठा आ करतं आणि हनुवटी आधी छातीला टेकते. त्याच क्षणी पाठीवर हात ठेवून त्याला जवळ ओढा. बाळाकडे वाकू नका, सकाळी पाठ धरते ती त्यामुळेच.

बरोबर लागलंय का? बोंडाभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त दिसतो, खालच्या ओठाकडे कमी. खालचा ओठ बाहेर मुडपलेला, गाल फुगलेले. 'चट्-चट्' आवाज येत असेल किंवा गालाला खळी पडत असेल तर हवा जातेय. पाजून झाल्यावर बोंड बघा. पेरूच्या फोडीसारखं एका बाजूला तिरकं चेपलेलं असेल तर बाळाने फक्त टोक धरलं होतं. रात्री अंधारात, घाईत हेच होतं, आणि तिसऱ्या दिवशी चिरा पडतात. सोडवताना ओढू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटते. चिरांना स्वतःचंच दोन थेंब दूध लावून वारा लागू द्या. हळद आणि साबण दोन्ही नको. हळदीचा अभिमान सांगलीकरांना आहेच, पण ती पोटात घ्या.

सिझरची बाई बसून पाजणार असेल तर बाळ काखेत. बाळाचे पाय आईच्या पाठीकडे, डोकं तळहातावर, खाली दोन उशा. टाक्यांवर वजन येत नाही.

बाळंतिणीची न्हाणी करणारी मावशी, तासगाव

परिचारिका बाईंनी उशा सांगितल्या, मी खाट सांगते. सुंभाची बाज मधी झोळ पडते. दोघं तिच्यात झोपली की बाळ घरंगळत आईच्या अंगाखाली येतंय. बाज वापरायचीच आसंल तर ताणून घ्या, न्हाईतर रात्री पाजायला जमिनीवर पातळ गादी बरी.

मंगळसूत्र रात्री पाठीकडं फिरवायचं, वाट्या बाळाच्या गालाला रुततात. हिरव्या काचंच्या बांगड्या खालच्या हातातनं काढून ठेवा. बाळाच्या गळ्यात काळा दोरा, दृष्टमणी रात्रीचा नगं, गळ्यात आडकतोय. कुठल्या बाजूला पाजलं त्ये झोपंत ध्यानात राहत न्हाई, म्हणून मनगटाला एक सैल दोरी बांधा आन् पाजून झालं की ती दुसऱ्या हाताला. पुढच्या बारीला ज्या हातात दोरी, त्या बाजूनं सुरू. ब्लाउजला पिन लावणाऱ्या लई बघितल्यात, पिन उघडली की बाळालाच टोचती.

उशाला तांब्याभर पाणी पाहिजे म्हंजी पाहिजे. बाळंतिणीला पाणी तोडायची रीत कुणी काढली कुणास ठाऊक. पान्हा फुटला की घसा कोरडा पडतोय. डब्यात दोन अळिवाचे न्हाईतर डिंकाचे लाडू. शेगडी शेकायला, झोपायच्या खोलीत इंगळ ठेवायचा न्हाई. शेपा-ओव्याची धुरी पण उरकली की खोली उघडी टाकायची.

बालरोगतज्ज्ञ, सांगली

मावशींच्या शेगडीच्या मुद्द्याला कारण जोडतो. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. आई आणि बाळ झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. हिवाळ्यात महाबळेश्वर-जावळीकडे हा प्रकार जास्त जपावा लागतो.

आईशेजारी झोपवण्याबद्दल: बाळ नेहमी पाठीवर, चेहरा उघडा, बाळाजवळ वाकळ किंवा जड गोधडी नाही, गादी आणि भिंतीत फट नाही. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजताना झोप लागणं सगळ्यात धोक्याचं. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल, आई-बापांपैकी कुणी दारू घेतली असेल किंवा आईने गुंगीचं औषध घेतलं असेल, तर बाळाची झोपायची जागा वेगळी हवी, त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर. पाजायला आईकडे, पाजून झालं की आपल्या जागी. पाळणा चालेल, पण झोळीत मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते, रात्रभरासाठी ती नको.

झोपाळू बाळाबद्दल आया उलटच समजतात. पहिल्या आठवड्यात बाळ सलग पाच-सहा तास झोपलं तर घरचे खूश, पण कावीळ चढत असताना बाळ असंच सुस्तावतं. कमी पितं म्हणून शी कमी होते, शी कमी म्हणून कावीळ अंगात राहते. जन्माचं वजन परत भरेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, तीन तासांच्या वर झोपू देऊ नका. कुंची आणि दुपटं काढा, लंगोट बदला, तळव्यावर बोट फिरवा. दोन मिनिटं ओढून परत पेंगलं तर बाजू बदला. एकदा वजन भरून चढायला लागलं की पूर्ण दिवसांच्या सुदृढ बाळाला घड्याळ लावून उठवायची गरज नाही.

आशा सेविका, जत तालुका

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. प्रश्न त्या दिवसासाठी लिहून ठेवा. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते 'दूध पुरतंय का?' रात्री रडतं म्हणजे पुरत नाही, असा हिशोब नाही. लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त ओले, शी काळ्यावरून पिवळी झालेली, आणि आठवड्याच्या वजनात रोजची सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ. हे तिन्ही असेल तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरायचं नाही. मात्र दहा टक्क्यांच्या पुढे उतरलं तर लगेच दाखवायचं.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, त्यात लाईट जाते. आजी वाटी-चमच्याने पाणी पाजायला निघते. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी, ग्राइप वॉटर, गुटी, मध काही नाही. मध तर वर्षापर्यंत नाहीच, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. उकाड्यात बाळ वरचेवर, थोडं थोडं पितं, ते त्याचं पाणी पिणंच आहे. अंगात फक्त झबलं ठेवा, आई-बाळाच्या मध्ये सुती पंचा, म्हणजे घामाने कातडी चिकटत नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचा, पण आईचा हात बाहेरच्या पाण्यापर्यंत जाईल अशी.

बाळ रडायची वाट बघू नका. तोंड चाळवतं, मान इकडेतिकडे फिरवतं, मूठ तोंडाकडे नेतं, तेव्हाच घ्या. रडून लाल झालेलं बाळ नीट लागत नाही, आधी शांत करण्यात पंधरा मिनिटं जातात आणि तोवर अख्खं घर उठतं.

धागा काढणारी, सातारा

एक विचारते. संध्याकाळी सात ते अकरा बाळ सोडतच नाही, दर अर्ध्या तासाला हवंच असतं. तेव्हाच सासरी-माहेरी 'दूध आटलं' असं ठरतं. यावर कुणीतरी लिहा.

स्तनपान समुपदेशक, कराड

आटलेलं नसतं. संध्याकाळी पुष्कळ बाळं अशी लागोपाठ पितात, आणि दोन-तीन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने या सुमारास दोन-चार दिवस तर सारखीच. बाळ ओढतं म्हणून दूध वाढतं. अळिवात लोह आहे, खाऊ द्या, पण पान्हा लाडूने येत नाही. त्या चार तासांत डबा-पाणी आईजवळ आणि बाकीची सगळी कामं घरच्यांकडे. भूक रोजच्यापेक्षा साधारण ६०० कॅलरींनी वाढते, म्हणजे आणखी एक हलकं जेवण. ते रात्री दहाला दिलं तर तीनला पोटात खड्डा पडत नाही.

आता छाती दगडासारखी होते त्याबद्दल. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरतं, रात्री एक पाजणी लांबली की बोंडाभोवतीचा भाग ताणून सपाट होतो आणि बाळाला धरायला काही उरतच नाही. पाजण्याआधी बोंडाच्या मुळाशी सगळ्या बोटांची टोकं टेकवून छातीच्या दिशेने मिनिटभर स्थिर दाबून धरा. सूज मागे सरते, तो भाग मऊ पडतो. तरी नाही लागलं तर हाताने थोडं काढा: अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडापासून दीड इंच मागे. आधी छातीकडे दाबा, मग बोटं जवळ आणा, मग सैल सोडा. बोटं कातडीवर घासायची नाहीत. रिकामी होईपर्यंत काढू नका, शरीर तेवढं परत भरेल. पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी दहा मिनिटं.

मावशी, एक विनंती तुम्हाला: गाठ दिसली की तेल लावून जोरात रगडण्याची पद्धत आता सोडायला हवी. त्याने सूज वाढते. एका ठिकाणी लाल, गरम, दुखरी जागा आणि ताप-थंडी भरली तर त्या बाजूने पाजणं चालूच ठेवायचं, ते दूध बाळाला बाधत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल चालते.

कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या बायकांच्या पाळणाघराची व्यवस्थापक, सातारा एमआयडीसी

कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, आणि नंतर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामावर पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या. कामावर परत गेल्यावर दिवसपाळीच्या बायकांची तक्रार एकच, 'आता तर रात्री जास्तच उठतं'. दिवसाचं राहिलेलं ते रात्री वसूल करतं. वाईट सवय म्हणून तोडायला जाऊ नका, त्याच पाजण्यावर दूध टिकतं.

रात्रपाळीची बाई दूध काढून ठेवते तेव्हाचे नियम. स्टीलचं किंवा काचेचं झाकणाचं भांडं उकळून घेतलेलं, एकात ६० मिलीपेक्षा जास्त नाही, वर वेळ लिहिलेली चिठ्ठी. खोली २५ अंशांपर्यंत असेल तर चार तास टिकतं. आपल्या उन्हाळ्यात त्यावर विसंबू नका, काढलं की फ्रीज. मागच्या बाजूला, दारात नको. चार दिवस चालतं. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका, आणि जाणारच हे ठाऊक असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मासच्या डब्यात २४ तास राहतं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही, भांडं गरम पाण्यात बुडवून कोमट करायचं. साय वर येते ती नासल्याची खूण नव्हे, हलकं फिरवा. बाळाचं तोंड लागलेलं उरलं तर दोन तासांत संपवा किंवा टाका. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. बाळाला बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध त्याने ओढायचं. ओतलं की ठसका लागतो.

एक बाप, पलूस

बायांच्या धाग्यात आलोय, थोडक्यात लिहितो. पाजणं सोडून रात्रीचं सगळं काम पुरुषाला जमतं. निजण्याआधी एका टोपलीत आठ धुतलेले लंगोट, दोन दुपटी, सुती फडकी, कोमट पाण्याचा थर्मास, मेणकापड. बाळ उठलं की आधी लंगोट मी बदलायचा, मग तिच्याकडे द्यायचं. पाजून झालं की उभं धरून पाठीवर हात, दहा मिनिटं. ढेकर आली नाही तरी चालतं, झोपवायचं पाठीवरच. मोठा दिवा लावायचा नाही, मोबाइल तर मुळीच नाही, बाळ टक्क जागं होतं. मोटारीला रात्रीची लाईट असली की आम्ही रानात पाणी द्यायला जातो. त्या आठवड्यात आई किंवा बहिणीला त्याच खोलीत निजवायचं, हे आधी ठरवा.

बालरोगतज्ज्ञ, सांगली

भाऊ, टोपलीच्या वर एक चिठ्ठी चिकटवा, रात्री सकाळची वाट बघायची नाही अशा गोष्टींची: ओढणंच बंद केलं, अंग गार किंवा तापलेलं, एका मिनिटात ६० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा, झटका, हालचाल मंदावली, तळहात-तळपाय पिवळे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, बाळ शांत असताना. त्याखाली १०८ आणि १०२, आणि घरापासून जवळच्या, रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, मोठ्या अक्षरात.