अनुभव धागा : कॉलेज निवडताना काय पाहिले, आणि आत गेल्यावर काय केले?

नौपाडा (धागाकर्ती)

यंदा मुलीची दहावी झाली आणि अकरावीचा पसंतीक्रम भरण्याची वेळ आली, तेव्हा माझ्या लक्षात आले की गेले पंधरा दिवस आमच्या घरात केवळ कटऑफवर चर्चा चालू आहे. त्या कॉलेजात विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, याविषयी कोणी चकार शब्द काढलेला नाही. मुंबई विभागात ही प्रक्रिया २००९ पासून ऑनलाइन आहे आणि २०२५ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली आहे. अर्जात जास्तीत जास्त दहा नावे देता येतात. पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागते. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर नुसत्या हौसेने नाव टाकण्याची सोय नाही. आमच्या वेळी प्रत्येक कॉलेजच्या खिडकीवर वेगळा फॉर्म घेण्यासाठी रांग लावावी लागे. तो मनस्तापच होता, पण रांगेत उभे असताना निदान ती इमारत आणि तिथली मुले डोळ्यांखालून जात. अकरावी असो, पदविका असो वा पदवी, ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी आपला अनुभव लिहावा. फसलेली निवड असेल तर ती अधिक उपयोगी पडेल. अशा ठिकाणी कॉलेजचे नाव मात्र देऊ नये.

कळवा

मी अकरावीपासून बी.ए.पर्यंत माटुंग्याला शिकले. कळव्याला जलद गाडी थांबत नाही, त्यामुळे पाच वर्षे धीम्या गाडीने गेले. घरापासून वर्गापर्यंत जाऊन येऊन तीन तास जात, आणि त्यातला बसायला जागा मिळालेला वेळ फारच थोडा. अकरावी-बारावीत या प्रवासाने माझे नुकसान केले, असे आज स्पष्ट वाटते. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर वही उघडण्याचे त्राण नसे आणि अभ्यासक्रम तर ठाण्यातल्या मैत्रिणींचा होता तोच माझाही. पदवीच्या वर्षांत मात्र हिशेब उलटा झाला. एकांकिकेच्या तालमींसाठी मी रात्री आठपर्यंत थांबू लागले, ग्रंथालयात रमले आणि ज्यांच्याशी वाद घालताना मला विचार करायला शिकावे लागले असे मित्र मिळाले. आज पुन्हा निवड करायची झाली तर अकरावी चालत जाण्याच्या अंतरावर करीन आणि पदवीसाठी पुन्हा माटुंग्याची गाडी पकडीन. धाकट्या भावाने नेमके असेच केले, अर्थात माझ्या सल्ल्याने नव्हे, तर आळसाने.

घोडबंदर रस्ता

आमची निवड फसली. मुलाला अभियांत्रिकीला पाठवायचे म्हणून आम्ही एका क्लासचे ‘इंटिग्रेटेड’ पॅकेज घेतले. क्लास आणि कॉलेज यांचे संगनमत असते; प्रवेश कॉलेजच्या नावावर होतो, शिकवणी क्लासमध्ये होते, आणि हजेरीचे काय होते ते सर्वांना ठाऊक असते. दोन वर्षांत मुलगा कॉलेजात प्रात्यक्षिकांच्या नावाखाली मोजून काही दिवस गेला. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात त्याने दुसऱ्याचे जर्नल समोर ठेवून आपले उतरवून काढले आणि ब्युरेट पहिल्यांदा हातात धरली ती परीक्षकांसमोर. गुण बरे मिळाले, हे मान्य करावे लागेल. परंतु सोळा ते अठरा या वयात त्याला ना एक शिक्षक ओळखीचा झाला, ना एखादे स्नेहसंमेलन पाहायला मिळाले, आणि पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात प्रयोगशाळेत तो बावरलेला असे. पालक म्हणून त्या वेळी एकही प्रश्न मी विचारला नाही, हा दोष माझा आहे.

कोपरखैरणे

माझे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामगार होते. दहावीनंतर तीन वर्षांची इलेक्ट्रिकल पदविका केली आणि तिच्या अंतिम वर्षाच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज, भरण्याआधी मी चार कॉलेजांत कामकाजाच्या दिवशी दुपारी जाऊन आलो, कारण खुल्या दिवसाला सगळेच पाहुण्यांसाठी सजलेले असतात. सर्वांत वरच्या कटऑफच्या कॉलेजात मशीन लॅबमधल्या मोटारींवर प्लास्टिकची आवरणे तशीच होती. दुसऱ्या एका कॉलेजात मोटारींवर तेलाचे डाग होते, टेबलावर वायरींचा गुंता होता, आणि तीन मुले जोडणी कोणाची चुकली यावरून हमरीतुमरीवर आली होती. लॅब असिस्टंट शांतपणे चहा पीत होते. मी दुसरे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले. नातेवाइकांनी वेड्यात काढले.

प्रवेशाच्या वेळी कार्यालयाने पावतीत एका वेगळ्या नावाखाली रक्कम वाढवून सांगितली. खासगी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते, हे मला ठाऊक होते. मंजूर शुल्काचा छापील कागद मी सोबत नेला होता. तो दाखवल्यावर ती ओळ निघाली. आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत बसत असल्याने राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळाली. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर तो अर्ज दर वर्षी पुन्हा करावा लागतो आणि तारीख हुकली तर वर्ष हातचे जाते, हे मी सोबतच्या दोन मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

पदविकेहून आलेल्या मुलांचा हात चालतो, पण गणितात आम्ही कच्चे असतो. एम-थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या गणितात, मला केटी लागली (विषय राहिला), कारण लाप्लास रूपांतर समोर आले तेव्हा बारावीच्या मुलांनी पहिल्या वर्षी केलेले अर्धे गणित मी पाहिलेलेच नव्हते. मग बारावीहून आलेल्या दोघांशी तोंडी करार केला: मी त्यांना मशीन समजावून सांगायची, त्यांनी मला गणित. केटी सुटली आणि ते दोघे आजही माझे सर्वांत जवळचे मित्र आहेत. सुट्टीत कॉलेजचे पत्र घेऊन मी रबाळे आणि महापे इथल्या कारखान्यांच्या गेटवर हिंडलो. पाच ठिकाणी सुरक्षारक्षकानेच परत पाठवले. सहाव्या ठिकाणी विजेची पॅनेल बनवणाऱ्या एका लहान कारखान्याने महिनाभर उभे राहू दिले. पहिल्या मुलाखतीत त्याच महिन्यावर अर्धा तास प्रश्न आले.

ऐरोली

नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून मी रडतच प्राणिशास्त्राला बी.एस्सी. केले. कॉलेज खाडीच्या जवळ होते, हे मला दुसऱ्या वर्षापर्यंत जाणवलेही नव्हते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली. म्हणजे लोक ज्यासाठी दूरदेशीहून येतात ते माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होते. आमच्या मॅडमनी प्रकल्पासाठी खाडीतल्या चिखलातले प्राणी हा विषय दिला. ओहोटीच्या वेळा पाहून पहाटे जायचे, गुडघाभर गाळात उभे राहायचे, शिंपले आणि कृमी मोजायचे, आणि घरी आल्यावर आईची बोलणी खायची. त्या वहीच्या बळावर मला पुढे एम.एस्सी.ला मार्गदर्शक मिळाले. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी हाच प्रकल्प इंटरनेटवरून उतरवला होता.

वाशी (निवृत्त प्राध्यापक)

तीन तांत्रिक गोष्टींत पालकांचा फार गोंधळ होतो. नॅक या मूल्यांकन संस्थेची श्रेणी संपूर्ण कॉलेजला मिळते, तर एनबीए या तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या मंडळाचे मानांकन एकेका अभ्यासक्रमाला; एकाच कॉलेजात एका शाखेला ते असू शकते आणि शेजारच्या शाखेला नसू शकते, तेव्हा आपल्या शाखेपुरते विचारावे. सीईटी या प्रवेश परीक्षेचे ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के विद्यार्थी आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तिसरी गोष्ट स्वायत्ततेची: स्वायत्त कॉलेज स्वतःचा अभ्यासक्रम आखते आणि परीक्षा स्वतः घेते, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. याहूनही उपयोगी प्रश्न असा की, विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणारे, किती. कार्यालय उत्तर टाळेल, दुसऱ्या वर्षाची मुले एका दमात सांगतील.

आणखी एक, जरा वैयक्तिक. माझ्या नोकरीच्या काळात तास संपल्यावर स्टाफरूममध्ये शंका घेऊन येणारी मुले वर्षाला चार-पाचच असत. शिफारसपत्र लिहायची वेळ आली की मला त्यांच्याविषयीच चार ओळी सुचत. बाकीच्यांच्या पत्रात मी ‘नियमित’ आणि ‘शिस्तप्रिय’ लिहीत असे.

नेरूळ

मुलींच्या पालकांसाठी एक आठवण: २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवावे. निकालानंतर सेतू केंद्रावर मी तीन दिवस घालवले आहेत.

नौपाडा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. कोपरखैरण्याच्या दादांचे वाचून आम्ही मायलेकी गुरुवारी दोन कॉलेजांत जाऊन आलो. एका ठिकाणी फाटकातूनच परत पाठवले. दुसऱ्या ठिकाणी शिपायाने ग्रंथालय दाखवले आणि मुलीने तिथे बसलेल्या दोघींशी अर्धा तास गप्पा मारल्या. त्या काय बोलल्या हे मला सांगण्यात आलेले नाही, पण यादीतले चौथे नाव आता पहिले झाले आहे. घोडबंदरच्या ताईंचा अनुभव तिच्या वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, मात्र क्लासचे माहितीपत्रक टीपॉयवरून नाहीसे झाले. एकच शंका उरली आहे: यादीत सध्या सहा नावे झाली आहेत, उरलेल्या चार जागा रिकाम्या ठेवल्या तर चालेल का?

वाशी (निवृत्त प्राध्यापक)

चालेल. किमान एक नाव असले तरी अर्ज ग्राह्य धरला जातो. सहांपैकी निदान दोन कॉलेजांचा गेल्या वर्षीचा कटऑफ मुलीच्या गुणांपेक्षा बराच खाली आहे ना, एवढे पाहून घ्या, आणि अर्ज लॉक करण्यापूर्वी क्रम तिला स्वतःला मोठ्याने वाचायला सांगा.