शेंगदाणा चटणीच्या पाकिटावर हस्ताक्षरी फॉन्ट कितपत वापरावा?

प्रश्न

नमस्कार. सोलापूरजवळच्या एका महिला बचत गटासाठी मी सध्या शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी यांच्या पाकिटांची रचना करत आहे. चटणी खरोखरच उखळात कुटली जाते आणि भाकरी हातानेच थापली जाते, त्यामुळे पाकिटावरची अक्षरेही खेळकर, हाताने लिहिल्यासारखी असावीत, असे गटातील काकूंना आणि मलाही वाटत होते. पहिल्या मसुद्यात मी 'कलम' हा फॉन्ट सगळीकडे वापरला. नाव, घटक पदार्थ, वजन, पत्ता, काहीच सोडले नाही. नमुना छापून आल्यावर मात्र एक काकू म्हणाल्या, "घरचं वाटतंय खरं, पण विकत घ्यावंसं वाटत नाही." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

चूक फॉन्टची आहे की माझ्या वापराची? शिवाय हा माल जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतील स्टॉलवर ठेवायचा आहे आणि पुढे विजयपूर, कलबुर्गीकडेही पाठवायचा आहे, त्यामुळे कन्नडमधील नाव मराठीशी जुळणारे कसे करावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर १ (अक्षररचनेचे काम करणारा)

ताई, चूक वापराची आहे. घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाचा महिना आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक ही माहिती ग्राहक शोधून वाचतो, आणि वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांनुसारही वजन, किंमत यांसारखा तपशील सुवाच्य व ठळक असावा लागतो. ती सगळी 'मुक्ता'सारख्या साध्या, सरळ फॉन्टमध्ये ठेवा आणि हस्ताक्षर फक्त नावापुरते राखा. शेजारी शांत अक्षरे असली की नावातला खेळकरपणा आपोआप उठून दिसतो. सगळेच खेळकर असले तर डोळ्याला टेकायला जागा उरत नाही.

आता नावाकडे बारकाईने पाहा. 'कडक भाकरी' या दोन शब्दांत 'क' तीनदा येतो, आणि फॉन्टमधील तिन्ही 'क' तंतोतंत एकसारखे उमटतात. हाताने लिहिणाऱ्याचे तीन 'क' कधीही असे सारखे नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी हे हस्ताक्षर खरे नव्हे, हे त्याला जाणवते. काही फॉन्टमध्ये अशा अक्षरांची पर्यायी रूपे दिलेली असतात. ती नसतील तर नावाचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे चित्ररेषांत रूपांतर करून, दुसऱ्या 'क'ची शेपटी थोडी आखूड करा आणि तिसऱ्याचा पोटातला गोल किंचित खाली आणा. 'कलम', 'मुक्ता', 'बालू', 'यात्रा वन' हे फॉन्ट मुक्त परवान्याचे असल्याने व्यावसायिक बोधचिन्हात ते वापरायला आणि त्यांतील अक्षरांत असा बदल करायला आडकाठी नाही.

फॉन्ट निवडताना 'अआइई' लिहून पाहणे पुरेसे नाही. 'श्री सिद्धेश्वर', 'मंगळवेढ्याच्या ज्वारीची', 'दुसऱ्या' असे आपल्याकडचे शब्द लिहून पाहा. 'दुसऱ्या'तला चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' हिंदी नजरेसमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये अनेकदा बिघडतो. 'शेंगदाणा' हा शब्दच 'श'ने सुरू होतो, म्हणून तो देठाचा आहे ना, तेही तपासा. २००९च्या शासन निर्णयातही मराठीसाठी देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' हीच रूपे आहेत. अनेक फॉन्टमध्ये ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याखेरीज ती उमटत नाहीत.

कन्नडसाठी 'बालू' या फॉन्ट-कुटुंबाचा, म्हणजे एकाच वळणाच्या फॉन्टच्या संचाचा विचार करता येईल. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'ने ते अनेक भारतीय लिप्यांत केले असून त्यातील कन्नड फॉन्टचे नाव 'बालू तम्मा' आणि तेलुगूचे 'बालू तम्मुडू' आहे. आपल्या सोलापूर शहराच्या पूर्व भागातील तेलुगू घरांसाठी पुढेमागे तेही उपयोगी पडेल. मात्र 'बालू'ची अक्षरे गोल आणि गुबगुबीत आहेत, हस्ताक्षरी नाहीत, त्यामुळे 'कलम'मधील मराठीशेजारी ती जुळणार नाहीत. घ्यायचे तर दोन्ही लिप्यांसाठी तेच कुटुंब घ्यावे.

उत्तर २ (छपाईच्या व्यवसायातील)

वरील उत्तराशी सहमत आहे. छपाईच्या बाजूने थोडी भर घालतो. नाव ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवू नका, कारण रोमन लिपीत ते खपते, पण देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. लाल पाकिटावर पांढरी अक्षरे घेणार असाल तर फॉन्टचे ठळक, जाड रेषांचे रूपच घ्या, नाहीतर बारीक रेषांत दोन्ही बाजूंनी शाई पसरून अक्षर बुजते. छापखान्यातील कोरल ड्रॉ हे रचनेचे सॉफ्टवेअर जुने असेल तर युनिकोड मजकुरातील जोडाक्षरे सुटी होतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी जाते, म्हणून कर्व्ह केलेली पीडीएफच पाठवा, आणि ती पाठवण्यापूर्वी छापील नमुना काकूंना वाचायला द्या. स्टॉलच्या फलकासाठीही तीच अक्षरे वापरणार असाल तर फलक रस्त्यापलीकडून वाचून पाहा. गड्ड्यावरच्या गर्दीत फलकाजवळ जाऊन वाचायला कोणाला सवड नसते.

उत्तर ३ (चादरींच्या कारखान्यात नक्षी करणारा)

एक वेगळा विचार सुचवतो. चादरीच्या काठात नाव विणायचे असते तेव्हा आम्ही प्रत्येक अक्षर चौकटींच्या कागदावर नव्याने काढतो, कारण जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, तिरक्या रेषेच्या पायऱ्या पडतात आणि तयार अक्षर जसेच्या तसे उतरत नाही. तुम्हाला तर नाव म्हणजे जेमतेम पाच-सहा अक्षरे हवी आहेत. तेवढ्यासाठी फॉन्टच का हवा? काकूंपैकी कोणाचे अक्षर वळणदार असेल तर त्यांना जाड बोरू किंवा ब्रश देऊन नाव वीस-पंचवीस वेळा लिहायला सांगा आणि त्यातले चांगले निवडा. तीन वेगळे 'क' तुम्हाला आयते मिळतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल गटाच्या बैठकीत ब्रश आणि शाई घेऊन गेले होते. पहिली दहा-बारा पाने काकू फार जपून, शाळेतल्या शुद्धलेखनासारखे लिहीत होत्या. गप्पा सुरू झाल्यावर हात सैल झाला आणि त्यानंतरच्या पानांवर हवी होती ती अक्षरे आली. माहेर अक्कलकोट तालुक्यातील असलेल्या एका काकूंनी कन्नडमधील नावही त्याच ब्रशने लिहिले, त्यामुळे दोन्ही नावांची रेघ सारख्याच जाडीची आली आहे. बाकी सगळा मजकूर 'मुक्ता'मध्ये बसवला आहे. आता फक्त 'भाकरी'तील दीर्घ वेलांटी शिरोरेषेपासून थोडी सुटली आहे. ती जोडून घ्यावी की काकूंच्या हातची म्हणून तशीच ठेवावी, याचा निर्णय छापील नमुना हातात आल्यावर करणार आहे.